उतरंडीवरचे गणित

आजच्या विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांच्या मनात शंका येईल की, इतिहासाच्या व्याख्यानात गणकयंत्राचे काय काम? इतिहास म्हणजे राज्ये, लढाया, तह आणि सनदा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु माणसाच्या हातातल्या साधनांनाही इतिहास असतो. आणि पुष्कळदा त्या साधनांत माणसाच्या विचाराची रीत जितकी स्वच्छ उतरलेली असते, तितकी ती दफ्तरांतील कागदांतही सापडत नाही. जात्याला इतिहास आहे, बोरूला आहे, मोडी लिपीला आहे. तसाच तो तळहातावर मावणाऱ्या गणकयंत्रालाही आहे.

आम्ही ज्या यंत्राविषयी बोलणार आहोत, ते अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीने १९८२ साली विक्रीस काढले आणि १९८९ साली बंद केले. त्याचे नाव एचपी-१६सी. संगणकाच्या अगदी पोटात शिरून काम करणाऱ्या प्रोग्रामर मंडळींसाठी ते मुद्दाम बनविलेले होते. त्याचे आयुष्य उणेपुरे सात वर्षांचे. पण त्या सात वर्षांच्या मागे जवळजवळ साठ वर्षांची एक विचारपरंपरा उभी आहे. आणि तिचा उगम कोणत्याही कारखान्यात नव्हे, तर पोलंडमधील एका तर्कशास्त्रज्ञाच्या चिंतनात झालेला आहे.

हे यंत्र प्रथमच हातात घेणाऱ्याची एक ठरलेली फजिती होते. तीन आणि चार यांची बेरीज करावी म्हणून तो ३ ची कळ दाबतो, अधिकची दाबतो, ४ ची दाबतो, आणि मग बरोबरचे चिन्ह शोधू लागतो. ते चिन्ह या यंत्रावर नाहीच! त्याच्याऐवजी मध्यभागी दोन कळांइतकी उंच अशी एक कळ दिसते आणि तिच्यावर 'एंटर' असे लिहिलेले असते. खरी रीत अशी : ३ दाबावे, एंटर दाबावे, ४ दाबावे आणि सर्वांच्या शेवटी अधिक दाबावे. अधिक दाबताक्षणीच ७ उमटतात. आधी दोन्ही संख्या, मग त्यांचे काय करायचे ते. पुष्कळ माणसे येथेच यंत्र खाली ठेवतात आणि 'हे उलटे शास्त्र आम्हाला नको' असे म्हणून मोकळी होतात.

पण हे शास्त्र खरोखर उलटे आहे काय? क्षणभर आपण आपल्याच बोलण्याकडे कान देऊ. नवातून चार वजा करा, असे आपण म्हणतो. बाराला तिनाने भागा, असे आपण म्हणतो. आधी नऊ, मग चार, मग वजा. आधी बारा, मग तीन, मग भागाकार. मराठी वाक्याचा स्वभावच असा की, कर्ता आणि कर्म आधी येऊन बसतात आणि क्रियापद शेवटी येऊन वाक्य पुरे करते. लहानपणी आपण जी उजळणी घोकली, तीत 'बे दुणे चार' म्हणताना बरोबरचे चिन्ह कोठे होते? बे ही संख्या, दुणे ही तिच्यावरची क्रिया आणि चार हे फळ. इंग्रजीत क्रियापद मध्ये बसते, आणि आपण शाळेत जी गणिताची मांडणी शिकलो तीतही चिन्ह मध्येच बसते. म्हणजे ज्याला आपण उलटे म्हणतो ते आपल्या जिभेला सुलटे आहे. सवय झाली आहे ती फक्त पाटीवरच्या मांडणीची.

आता ही मधोमध चिन्ह ठेवण्याची रीत किती निर्धोक आहे, तेही पाहू. दोन अधिक तीन गुणिले चार किती? दुकानाच्या गल्ल्यावर जे साधे गणकयंत्र असते, त्यावर या कळा याच क्रमाने दाबल्या तर उत्तर येते २०. कारण ते यंत्र आधी दोन आणि तीन मिळवते आणि मग चाराने गुणते. मुलाच्या दप्तरातले शास्त्रीय गणकयंत्र याच कळांना उत्तर देते १४. कारण गुणाकार आधी, बेरीज मागून, हा नियम त्याला शिकविलेला असतो. प्रश्न एक, घर एक, आणि उत्तरे दोन! यांतले कोणतेही यंत्र बिघडलेले नाही. दोन्ही आपापल्या नियमाशी प्रामाणिक आहेत. फक्त तो नियम यंत्राच्या पोटात आहे, कळ दाबणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नाही. 'आधी लगीन कोंडाण्याचे' हे तानाजीने स्वतः ठरविले म्हणून त्या शब्दांना मोल आहे. आधी काय आणि मागून काय, हे जेथे आपल्या नकळत दुसराच कोणी ठरवितो, तेथे उत्तर बरोबर आले तरी ते आपले म्हणता येत नाही. आमच्या आजच्या सगळ्या विवेचनाचा गाभा एवढाच आहे.

या घोटाळ्यावर आपण जो उपाय करतो तो कंसांचा. पण सूत्र लांबले की कंसात कंस, त्यात आणखी कंस, अशी चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी दाटी होते. ही दाटी नको म्हणून ज्याने प्रथम निराळी वाट काढली, तो पुरुष म्हणजे यान वुकाशेविच. १८७८ साली, त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या ल्वूव नगरीत त्यांचा जन्म झाला. पुढे ते वॉर्सा विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. १९१९ साली स्वतंत्र पोलंडच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री होते. विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी दोनदा भूषविले. १९२४ साली त्यांना सुचले की, चिन्ह जर दोन पदांच्या मध्ये न ठेवता त्यांच्या आधी ठेवले, तर कंसांची गरजच उरत नाही. तीन अधिक चार याऐवजी 'अधिक तीन चार' असे लिहावयाचे. सूत्र कितीही लांब असो, त्याचा अर्थ एकच निघतो. दुसरा निघूच शकत नाही. वुकाशेविच यांना हे हवे होते ते तर्कशास्त्रातील विधानांसाठी. यंत्राचा विचार त्यांच्या मनात नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते.

या लेखनपद्धतीला पुढे जगाने 'पोलिश पद्धत' असे नाव दिले. कर्त्याचे आडनाव परक्या जिभेला अवघड, म्हणून त्याच्या देशाचे नाव चिकटले. त्या देशाच्या वाट्याला जे आले ते आपणांस ठाऊक आहेच. सप्टेंबर १९३९ च्या बाँबवर्षावात वुकाशेविच यांचे घर, ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखिते जळून गेली. जर्मन अमलात विद्यापीठ बंद पडले, तेव्हा चोरून चालणाऱ्या भूमिगत वर्गांत त्यांनी शिकविले. १९४४ साली त्यांनी वॉर्सा सोडले आणि १९४६ साली आयर्लंडने त्यांना आसरा दिला. डब्लिन येथील रॉयल आयरिश अकादमीत त्यांनी उरलेली वर्षे काढली आणि तेथेच फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांचे देहावसान झाले. एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे : आयरिश भाषेत क्रियापद वाक्याच्या आरंभी येते. क्रिया आधी सांगणारी लेखनपद्धती ज्याने काढली, त्याला अखेरचा विसावा मिळाला तो क्रियापद आधी बोलणाऱ्या लोकांच्या देशात. योगायोगाला यापेक्षा अधिक अर्थ नाही. पण इतिहास वाचताना असे योगायोग मनाला चटका लावून जातात.

चिन्ह आधी ठेवले काय किंवा सर्वांच्या शेवटी ठेवले काय, कंस दोन्ही रीतींनी टळतात. शेवटी ठेवण्याच्या रीतीला 'उलट पोलिश पद्धत' म्हणतात. यंत्राला ती अधिक सोयीची ठरली. ती का, हे समजण्यासाठी आपल्याला दिवाणखान्यातून उठून माजघरात जावे लागेल.

जुन्या घरांतून मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठे मडके तळाशी, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. नवीन मडके ठेवायचे ते वर. आणि काढायचे तेही वरचेच. मधले मडके ओढू पाहणाऱ्याचे काय होते ते घरातल्या बायकांना विचारावे! शेवटी ठेवलेले आधी निघते, हा उतरंडीचा धर्म. गणित करताना मधली उत्तरे कोठेतरी ठेवावी लागतात आणि जे उत्तर शेवटी ठेवले त्याचीच गरज बहुधा आधी लागते. मग त्या उत्तरांसाठी उतरंडीइतकी नेटकी जागा दुसरी कोणती? संख्या आली की ती उतरंडीवर ठेवावी. क्रिया आली की वरच्या दोन संख्या उतरवून घ्याव्या, त्यांचे गणित करावे आणि उत्तर परत वर ठेवावे. यंत्राला याहून अधिक काहीही समजावे लागत नाही.

ही कल्पना एकाच माणसाला सुचली असे नाही. इंग्लंडमध्ये अॅलन ट्युरिंग यांनी १९४५ च्या अखेरीस जो अहवाल लिहिला, त्यात एक काम अर्धवट ठेवून दुसरे करायचे आणि मग परत पहिल्या कामाकडे यायचे, यासाठी 'पुरणे' आणि 'उकरणे' अशा अर्थाचे शब्द वापरलेले आहेत. जर्मनीत म्यूनिक येथे फ्रीड्रिख बाउअर आणि क्लाउस झामेल्झोन यांनी १९५७ साली याच तत्त्वाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी त्याला नाव दिले तळघराचे. आम्ही उतरंड म्हणतो, ते तळघर म्हणाले; वस्तू एकच.

आणि त्याच १९५७ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियात चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी हाच विचार मांडला. हॅम्ब्लिन हे सिडनी येथे तत्त्वज्ञान शिकवीत. त्यांच्या संस्थेत १९५६ साली इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचा ड्यूस नावाचा संगणक आला. त्यावर काम करताना त्यांना जाणवले की, गणितापेक्षा जास्त श्रम पडतात ते मधली उत्तरे ठेवण्याच्या जागांना नावे देण्यात आणि ती नावे लक्षात ठेवण्यात. तर्कशास्त्राचे अध्यापक असल्यामुळे वुकाशेविच यांची पद्धत त्यांना ठाऊक होती. चिन्ह शेवटी ठेवले आणि संख्या उतरंडीवर ठेवल्या, तर जागांना नावे देण्याचे कारणच उरत नाही, हे त्यांनी ओळखले आणि जून १९५७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील सॉल्झबरी येथील परिषदेत ते मांडले. हाच विचार पुढे इंग्लिश इलेक्ट्रिकच्या केडीएफ-९ या संगणकात उतरला. अमेरिकेत रॉबर्ट बार्टन यांनी १९६१ साली जाहीर झालेला बरोज बी-५००० हा संगणक सगळाच्या सगळा उतरंडीवर उभा केला. एका तत्त्वज्ञाने कंस टाळावे म्हणून केलेली युक्ती चाळीस वर्षांच्या आत संगणकांचा कणा होऊन बसली, आणि ती युक्ती काढणारा मात्र ते पाहायला जिवंत नव्हता.

आता या मोठ्या संगणकांवरून आपण तळहातावर येऊ. ह्यूलेट-पॅकार्डने १९६८ साली टेबलावर ठेवण्याचे ९१००-ए हे गणकयंत्र काढले. त्याच्या पडद्यावर उतरंडीचे तीन थर एकाखाली एक दिसत. त्याची किंमत ४,९०० डॉलर. कंपनीचे एक संस्थापक बिल ह्यूलेट यांनी हट्ट धरला की, हे यंत्र आपल्या सदऱ्याच्या खिशात बसले पाहिजे. १९७२ च्या आरंभी ते खरोखरच खिशात बसले. ३५ कळांचे म्हणून त्याचे नाव एचपी-३५, आणि किंमत ३९५ डॉलर. इंजिनिअर लोकांच्या हातातला स्लाइड रूल त्यानंतर थोड्याच वर्षांत अडगळीत गेला. या यंत्राने उतरंड घेतली ती केवळ तत्त्वासाठी नव्हे. त्या काळी यंत्रातील स्मरणाची प्रत्येक जागा महाग होती. कंस ठेवायचे तर कंसांच्या कळा हव्यात, आणि अर्धवट राहिलेल्या क्रिया लक्षात ठेवायला जागाही हवी. उतरंड चार थरांत भागत असे. काटकसर आणि विचाराची शिस्त यांची अशी गाठ पडली.

चार थरांत कसे भागते, ते एका हिशेबावरून पाहू. वखारीत सकाळी ३ गोण्या आल्या, दुपारी ४ आल्या. गोणीमागे हमाली ५ रुपये आणि गाडीभाडे ६ रुपये. एकूण खर्च किती? शाळेच्या रीतीने येथे दोन कंस लागतील. उतरंडीच्या रीतीने असे करावे : ३, एंटर, ४, अधिक. पडद्यावर ७, या झाल्या गोण्या. लगेच पुढे ५, एंटर, ६, अधिक. पडद्यावर ११, हा झाला गोणीमागचा खर्च. या वेळी ७ कोठे गेले? ते उतरंडीवर ११ च्या खाली मुकाट्याने बसले आहेत. आता फक्त गुणिलेची कळ दाबायची. ७ आणि ११ दोन्ही उतरतात आणि ७७ उमटतात.

या सगळ्यात ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, पडद्यावर आलेला प्रत्येक आकडा अर्थपूर्ण होता. ७ म्हणजे गोण्या, ११ म्हणजे गोणीमागचा खर्च. सात ऐवजी सत्तर दिसले असते, तर चूक तेथेच डोळ्यांत भरली असती. कारकुनाने हिशेब तपासावा तसा हा हिशेब पायरीपायरीने तपासता येतो. म्हणूनच हे यंत्र शिकणाऱ्याला तीन गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतात. पहिली, सूत्र डावीकडून उजवीकडे न वाचता सर्वांत आतल्या कंसापासून सुरुवात करणे. दुसरी, प्रत्येक मधल्या उत्तराकडे पाहून मगच पुढे जाणे. आणि तिसरी, उतरंडीवर काय ठेवले आहे याची आठवण ठेवणे. कारण खिशातल्या यंत्रात वरचेच मडके दिसते, खालची मनात ठेवावी लागतात. त्यासाठी वरच्या दोन संख्यांची अदलाबदल करण्याची एक कळ असते आणि सगळी उतरंड फिरवून पाहण्याची दुसरी असते.

येथवर जे सांगितले ते या घराण्यातील सर्व यंत्रांना लागू आहे. एचपी-१६सीचे वैशिष्ट्य पुढेच आहे. संगणकाला दहा अंक ठाऊक नसतात. त्याला दोनच ठाऊक असतात, शून्य आणि एक. प्रोग्रामर मंडळी अशा चार चार अंकांचा एक गट करून मोजतात आणि त्यामुळे त्यांचा हिशेब सोळाच्या पटीत चालतो. हे ऐकून नव्या पिढीच्या मुलाला घाम फुटतो. पण आपल्या आजोबांना तो फुटला नसता! आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. एक आण्याचे नाणे म्हणजे आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. एक, दोन, चार, आठ. ही चार नाणी प्रत्येकी एकच जवळ असली, तर एक आण्यापासून पंधरा आण्यांपर्यंत कोणतीही रक्कम सुटे न करता देता येते. तेरा आणे द्यायचे? अधेली, पावली आणि आणा द्यावा, चवली खिशात ठेवावी. दिलेल्या नाण्याच्या जागी एक आणि न दिलेल्याच्या जागी शून्य लिहिले की झाले ११०१. संगणक तेरा ही संख्या अशीच लिहितो. प्रोग्रामर तिला एकाच अक्षराने 'डी' म्हणतो. कारण नवानंतर त्याने दहाला ए, अकराला बी, अशी पंधराला एफपर्यंत अक्षरे दिलेली असतात. एचपी-१६सीवर १३ लिहून एक कळ दाबली की डी दिसतो, दुसरी दाबली की ११०१ दिसतात.

या यंत्राच्या काही कळा तर हिशेबाच्या नव्हेतच, त्या निवडीच्या आहेत. दोन रकमा घ्याव्या आणि दोन्हींत जे नाणे असेल तेवढेच राखावे, ही अशी एक क्रिया. डी म्हणजे अधेली, पावली, आणा. आणि ६ म्हणजे पावली, चवली. दोन्हींत असलेले नाणे एकच, पावली. म्हणून डी, एंटर, ६, आणि मग 'अँड' ही कळ दाबली की उत्तर ४. येथेही क्रिया शेवटीच. यंत्रांवर ताबा ठेवणारे संगणक असेच चालतात : एका संख्येतील एक जागा म्हणजे एक दिवा, दुसरी म्हणजे एक झडप, तिसरी म्हणजे एक मोटार. त्यांतली नेमकी कोणती चालू आहे, हे प्रोग्रामर या कळेने पाहत असे.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कागदावर संख्या कितीही मोठी लिहिता येते; संगणकात तिला ठराविक मापाच्या डब्यातच राहावे लागते. एचपी-१६सीवर हा डबा एका जागेपासून चौसष्ट जागांपर्यंत हवा तेवढा ठरविता येई. समजा, आठ जागांचा डबा ठरविला आणि अधिक-उणे अशा दोन्ही संख्या त्यात ठेवायच्या म्हटले, तर त्यात उणे १२८ पासून १२७ पर्यंतच्याच संख्या मावतात. आता १२७ मध्ये १ मिळविला, तर उत्तर येते उणे १२८! घड्याळात बारानंतर पुन्हा एक वाजावा तसे हे आहे. यंत्र लबाडी करीत नाही. उत्तर डब्यात मावले नाही हे सांगण्यासाठी पडद्यावर एक खुणेचे अक्षर लावते. बेरजेचा हातचा डब्याबाहेर पडला, तर त्याची खूण निराळी.

ही गोष्ट केवळ खेळण्यातली वाटू नये म्हणून एक घटना सांगतो. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधून युरोपचे एरियन-५ हे नवे रॉकेट प्रथमच उडाले. त्याच्या मार्गदर्शक यंत्रणेतील प्रोग्रामचा एक भाग आधीच्या एरियन-४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. जुने रॉकेट आरंभी इतक्या वेगाने आडवे जात नसे. त्या वेगाशी निगडित असलेली संख्या सोळा जागांच्या डब्यात सुखाने मावत असे. त्या डब्याची मर्यादा ३२,७६७. नव्या रॉकेटची संख्या त्या मर्यादेच्या पलीकडे गेली, मार्गदर्शक यंत्रणा बंद पडली, आणि उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत रॉकेटचे तुकडे झाले. त्यात माणूस नव्हता, एवढेच समाधान. ज्यांनी ते रॉकेट उभारले ती माणसे गणितात कच्ची नव्हती. परंतु मधले एक उत्तर कोणत्या डब्यात ठेवले जाते आहे आणि ते तेथे मावेल की नाही, हे कोणाच्या डोळ्यांसमोर राहिले नव्हते. तळहातावरचे ते लहानसे यंत्र जी शिस्त शिकवीत होते, ती हीच होती.

इतके गुण असताना हे यंत्र टिकले का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर एकपदरी नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या प्रतिस्पर्धी कंपनीने बरोबरचे चिन्ह असलेली यंत्रे काढली, तिने १९७७ साली प्रोग्रामरांसाठीही तसे एक काढले होते. पाठ्यपुस्तकांतील सूत्र जसे छापलेले असेल तशाच कळा दाबायच्या, ही सोय शाळांना पटली. त्या सोयीला आम्ही नावे ठेवणार नाही. पुस्तकातली मांडणी एक आणि यंत्रातली दुसरी, असे दुहेरी ओझे मुलावर घालावे काय, हा शिक्षकाचा प्रश्न रास्तच आहे. शिवाय चार थरांची उतरंड एखाद्या गुंतागुंतीच्या सूत्रात अपुरी पडू शकते, आणि खाली काय ठेवले ते विसरणाऱ्याला ही पद्धत क्षमा करीत नाही. पुढे प्रोग्रामरच्या टेबलावर स्वतःचा संगणक आला, त्याच्याच पडद्यावर गणकयंत्राचे चित्र उमटू लागले, आणि खिशातल्या वेगळ्या यंत्राची गरज ओसरली. त्याच घराण्यातील, पेढ्यांवरील व्याजाच्या हिशेबासाठी काढलेले एचपी-१२सी मात्र १९८१ मध्ये निघून चार दशकांनंतरही विकले जात होते. सावकारी हिशेबाचा माणूस एकदा हाताला बसलेले साधन सहसा बदलीत नाही, हे आपल्या पेठांतूनही दिसते.

पण यंत्र गेले म्हणून उतरंड गेली काय? मुळीच नाही. पान छापण्याच्या यंत्राला काय छापायचे ते सांगणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा १९८४ साली निघाली. ती क्रिया शेवटीच सांगते. १९९५ साली पुढे आलेली जावा ही भाषा ज्या कल्पित यंत्रावर चालते, ते उतरंडीवरच गणित करते. इतकेच नव्हे, तर ज्या शास्त्रीय गणकयंत्रावर बरोबरचे चिन्ह आहे, त्यालाही दोन अधिक तीन गुणिले चार करताना 'दोन अधिक' कोठेतरी राखून ठेवावेच लागतात. म्हणजे उतरंड तेथेही आहे. फरक एवढाच की ती माजघराचे दार लावून आत ठेवलेली आहे. एचपी-१६सीने ते दार उघडे ठेवले होते आणि मडकी आपल्याला स्वतःच्या हातांनी रचायला लावली होती.

आमच्या मते या इतिहासाचे सार येथे आहे. साधन जितके अधिक सोयीचे, तितके ते आपल्या वतीने अधिक निर्णय घेते. हे निर्णय यंत्राने घेऊ नयेत, असा आमचा आग्रह नाही. सगळी मडकी रोज आपणच रचायची म्हटले, तर संसार व्हायचा नाही. पण ती कशी रचलेली आहेत, हे घरात एकाला तरी ठाऊक असले पाहिजे. निदान विद्यार्थ्याने, शिकण्याच्या वयात, एकदा तरी उतरंड स्वतः रचून पाहावी. आधी काय आणि मागून काय हे स्वतः ठरवावे, मधले प्रत्येक उत्तर नजरेखालून घालावे. त्यासाठी जुने यंत्र विकत घेण्याचीही गरज नाही. कागदावर एकाखाली एक चार रेघा ओढाव्या आणि गोण्यांचा तो हिशेब त्यांवर मांडावा. अर्ध्या तासाचे काम आहे.

वुकाशेविच यांना कंस नको होते, कारण त्यांना विधानाचा अर्थ स्वच्छ हवा होता. घर जळाले, ग्रंथ जळाले, देश सुटला. ती स्वच्छतेची ओढ मात्र दुसऱ्यांच्या हातांतून पुढे जात राहिली. ल्वूवपासून डब्लिनपर्यंतच्या त्या प्रवासाची आठवण बहुतेक प्रोग्रामरांना नसेल, पण त्यांच्या संगणकाच्या पोटात ती उतरंड आजही रचली जाते आणि उतरवली जाते. आपल्यापुरते बोलायचे, तर क्रिया शेवटी ठेवण्याची ही शिस्त आपल्याला परकी नाही. ती आपण रोज मराठीत बोलतोच. आता गणितातही एकदा वापरून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.